अहल्येच्या मापाचा ओटा

ओटा वीतभर खाली होता.

त्रिविक्रमने पोलादी टेप पुन्हा लाल फरशीला टेकवली, वर ओढली, कडप्प्याच्या कडेशी नखाने दाबून धरली आणि आकडा वाचला. मग चष्मा पुसून वाचला. आकडा जागचा हलला नाही. शनिवारी अर्ध्या दिवसाने कारखाना सुटला की माणूस घरी जातो, जेवतो, आडवा होतो. हा गृहस्थ दोन बस बदलून उपाशीपोटी थेट मल्लेश्वरमला, स्वतःच्या नव्या घराच्या बांधकामावर आला होता, आणि समोर हे.

"हणमंतराव!"

मागच्या अंगणातून कंत्राटदार हणमंतराव पान चघळत आत आले. माणूस बेळगावकडचा, कामाला चोख आणि तोंडाला त्याहून चोख.

"कसा झालाय ओटा? आरशागत! तोंड बघून घ्या, साहेब."

"तोंड घरी बघतो. उंची बघा. नकाशात काय लिहून दिलंय मी?"

"नकाशात हाय ते बरोबरच हाय की. पण अक्का म्हटल्या, खाली घ्या. घेतला."

"कुठल्या अक्का?"

"आता कुठल्या म्हंजे? अक्का. घरच्या."

त्रिविक्रमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरची अक्का एकच, त्याची बायको अहल्या, आणि ती महिन्याहून अधिक काळ देवनहळ्ळीला माहेरी होती. तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता आणि ती त्यांच्या उशाशी बसून होती. चूक झाली तर झाली म्हणावं. पण ती गावाला गेलेल्या बाईच्या नावावर खपवायची म्हणजे कमाल झाली.

"तोडा," तो म्हणाला, "आणि नकाशाप्रमाणे बांधा."

त्याच्या लेखी हा नुसता ओटा नव्हता. चिक्कपेटेतल्या भावांच्या एकत्र घरात अहल्येने लग्न झाल्यापासून चुलीपुढे बसून, वाकून, धुरात रांधलं होतं. शेवटी तिची पाठ अशी धरली की उठताना भिंतीचा आधार लागे, आणि आपल्याकडे कुणी बघत नाही ना हे ती आधी बघून घेई. त्रिविक्रमने ते बघितलं होतं. स्वतःचं घर बांधायला काढलं तेव्हा त्याने तिला शब्द दिला होता, की तू ताठ उभी राहून स्वयंपाक करशील आणि जे लागेल ते तुझ्या हाताशी असेल.

शब्द देणाराही साधासुधा नव्हता. तो विमानाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. वैमानिकाच्या खुर्चीपासून कळ किती लांब हवी, डोक्यावरचा खटका किती उंच हवा, हे माणसाच्या अंगाच्या मापांवरून काढायचं, हेच त्याचं रोजचं काम. त्याने अहल्येला दाराच्या चौकटीशी उभं केलं आणि तिचं कोपर, खांदा, वर केलेल्या हाताची बोटं, सगळं मापून घेतलं. "शिंप्यानेसुद्धा एवढी मापं घेतली नाहीत कधी," ती हसून म्हणाली होती. मग नकाशा निघाला. गोल कोपऱ्याचा ओटा, मागे फिक्या हिरव्या टाइल्स, हातावर उजेड पडेल अशी खिडकी, वर सरकत्या काचांचं कपाट. दिसायला दिवाणखाना आणि वापरायला विमान! चिक्कपेटेच्या भावजयांनी एकदा येऊन बघावं आणि गप्प बसावं, एवढीशी इच्छाही त्यात होती. फक्त अहल्या परत यायच्या आत ते तयार व्हायला हवं होतं.

ओटा तोडला, दुसरा बांधला. या खेपेला त्रिविक्रमने स्वतः भिंतीवर पेन्सिलने ठळक रेघ मारून दिली होती. पुढच्या शनिवारी तो आला तेव्हा ओटा रेघेच्या खाली होता, पहिल्यापेक्षाही खाली. वरचं कपाट मात्र वर चढलं होतं, इतकं की टाचा उंचावूनही त्याची बोटं काचेच्या खालच्या कडेला लागेनात. आणि समोरच्या भिंतीजवळची सिमेंटची कोठी नकाशातली जागा सोडून पुढे आली होती. कोठी आणि ओटा यांच्यामध्ये त्रिविक्रम तिरका होऊन कसाबसा शिरला. शिरला तो बाहेर येताना सदऱ्याचं बटण गमावून बसला.

त्याला रडू यायचंच काय ते बाकी होतं. हे चुकीचं बांधकामही नव्हतं. चुकीचं बांधकाम वेडंवाकडं असतं. हे सुबक होतं, रेखीव होतं, कुठे फट नाही, कुठे उतार नाही. फक्त कुणाच्या उपयोगाचं नव्हतं.

"एवढीशी जागा कुणासाठी ठेवलीत?" तो ओरडला. "मांजरासाठी?"

हणमंतराव या वेळी हसले नाहीत. "अक्का स्वतः उभ्या राहून दाखवल्या, साहेब. कोपर टेकवून म्हटल्या, इथं. हात वर करून म्हटल्या, इथं. मी खुणा केल्या."

"कशा होत्या दिसायला?"

"ते कसं सांगू? दुसऱ्याच्या घरच्या बाईकडं मान वर करून बघायची रीत न्हाई आमच्यात. हात दिसला तेवढा." ते जरा थांबले. "स्वल्प बारीक हाय हात."

दुसऱ्या दिवशी रविवार. त्रिविक्रमने सकाळची बस पकडून देवनहळ्ळी गाठली. अहल्या वडिलांना पेज भरवत होती. आल्यापासून ती गल्लीच्या टोकापलीकडे गेलेली नव्हती. हे तिने सांगितलं, तिच्या आईने सांगितलं, आणि न विचारता शेजारणीनेही सांगितलं. परत निघताना त्याने खिशातून टेप काढली आणि तिला भिंतीशी उभं राहायला सांगितलं.

"आता आणि कशाला? मी काय वाढतेय?" ती म्हणाली, पण उभी राहिली. कोपर तिथेच होतं, बोटं तिथेच होती. नकाशातला आकडा न् आकडा बरोबर होता.

"कसं चाललंय हो स्वयंपाकघर?"

"सरी, ठीक चाललंय," तो म्हणाला. इतक्या वर्षांत तो तिच्याशी खोटं बोललेला नव्हता. परतीच्या बसमध्ये त्याला त्या खोट्याचाच जास्त राग आला.

मल्लेश्वरमला उतरून तो नव्या घरापाशी आला, तर शेजारच्या पद्मावतीअक्का फाटकात फुलांचा गजरा घेत होत्या.

"अहल्या आली वाटतं?" त्या म्हणाल्या. "सकाळी खिडकीतून पाठमोरी दिसली. हाक मारली, ओ दिली नाही हो. आणि किती वाळलीय! खायला घाला तिला स्वल्प."

त्रिविक्रम त्यांना काहीतरी बोलला आणि आत न जाता तसाच परतला. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता, आणि ठेवायचा म्हटला तरी सोय नव्हती. घर नवं होतं. जागा पूर्वी पेरूची बाग होती. इथे कुणी मेलेलं नव्हतं, कारण इथे अजून कुणी राहिलेलंच नव्हतं.

सोमवारी त्याने रजा टाकली आणि स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची मांडून बसला. त्याच्या डोळ्यांदेखत ओटा फुटला, कोठी हलली, कपाट उतरलं. विटांचा प्रत्येक थर त्याने मापून घेतला. गवंडी वैतागले, हणमंतराव धुसफुसले, त्याने कुणाची पर्वा केली नाही. दिवसभरात कोणी अक्का फिरकली नाही. संध्याकाळी कडप्पा बसला तो पेन्सिलच्या रेघेवर, केसाचाही फरक नाही. त्रिविक्रमला इतका आनंद झाला की त्याने संपिगे रोडच्या हॉटेलातून सगळ्यांसाठी कॉफी आणवली. मग स्वतःचं कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

सकाळी कामावर जाण्याआधी त्याने हणमंतरावांच्या समोरच ते कुलूप उघडलं.

ओटा खाली होता. कपाट वर होतं. कोठी पुढे आली होती.

कुठे विटेचा तुकडा नव्हता, सांडलेली वाळू नव्हती. हिरव्या टाइल्सवर तेलकट धुराचा पुसट डाग होता. त्या घरात अजून शेगडीही आलेली नव्हती. त्रिविक्रमने खाली वाकून ओट्याच्या कडेवरून बोट फिरवलं. एका जागी कडप्पा गुळगुळीत, जरासा खोलगट झाला होता. तिथे कुणी वर्षानुवर्षं कोपर टेकवलं असावं तसा.

हणमंतरावांनीही ते बघितलं. त्यांनी पान थुंकलं, तोंड पुसलं आणि काखा वर केल्या.

"मला न्हाई जमायचं. दुसरा मेस्त्री बघा, साहेब." फाटकापर्यंत गेले आणि परत वळून हळूच म्हणाले, "अन् अक्कांना सांगा, मी त्या म्हटल्या तसंच केलं म्हणून."

त्या दिवशी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सगळे उठून गेले तरी त्रिविक्रम ड्रॉइंगच्या फळ्यापुढेच बसून राहिला. डोकं नुसतं भणभणत होतं. विचार करायचा तर हातात पेन्सिल हवी, ही त्याची सवय. त्याने कोऱ्या कागदावर स्वयंपाकघराचा उभा छेद काढला. हवा होता तसा नाही, झाला होता तसा. ओटा, कपाट, कोठी.

मग वैमानिकाची काढायचा तशी त्याने त्यात उभं राहणाऱ्याची आकृती काढायला घेतली.

कोपर ओट्याच्या कडेवर, जिथे दगड झिजला होता तिथे. बोटं वर, कपाटाच्या काचेच्या खाचेत. कोपरापासून बोटांपर्यंत त्याने सरळ रेघ ओढली. ती ओढायला पट्टी पुढे सरकवावी लागली.

रुंदी कोठीने ठरवून दिली होती.

पाय काढले. डोकं कुठे येईल ते मापांवरून कळत नव्हतं. त्याने ते काढलं नाही.

कागदावर जे उभं राहिलं त्याला ते स्वयंपाकघर अगदी सोयीचं होतं. वाकायला नको, टाचा उंचावायला नको, सगळं हाताशी. त्याने इतकी वर्षं पुष्कळ नकाशे काढले होते. इतकी चोख आखणी त्याला कधी जमली नव्हती.

त्याने ते खोडलं. कागद फाटेपर्यंत खोडलं.

नवा मेस्त्री मिळेना. जो येई तो काम बघून वाखाणी आणि म्हणे, एवढं सुरेख तोडता कशाला? त्रिविक्रमने हात टेकले. तेवढ्यात एका दुपारी फाटकापाशी घोड्याचा जटका थांबला आणि अहल्या उतरली. वडील उठून बसू लागले होते, तिला आता थांबवेना. हातात ट्रंक, बगलेत आईने दिलेली लोणच्याची बरणी. तोच चेहरा, तेच हसणं. जटक्यातून उतरताना तिने कशाचा आधार घेतला नाही, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला बरं वाटलं.

"अहल्या, आत जाऊ नकोस," तो म्हणाला. "सगळं चुकलंय. मी शब्द दिला होता, पण जमलं नाही मला. तोडून पुन्हा बांधू."

"बघू तरी द्या," ती म्हणाली आणि आत गेली.

तो बाहेरच्या खोलीत उभा राहिला. त्याला लाज वाटत होती, आणि लाजेखाली भीती होती.

"अहो!"

तो दारात गेला. अहल्या ओटा आणि कोठी यांच्यामध्ये सरळ उभी होती. तिरकी नाही, सरळ. दोन्ही बाजूंना जागा उरली होती. तिचं कोपर ओट्याच्या कडेवर होतं.

"किती बरोबर केलंत हो! पाठ जरासुद्धा वाकवावी लागत नाही." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "चुकलंय काय म्हणता! सगळं हाताशी आहे. तुम्ही म्हणाला होतात अगदी तसं."

हे वाक्य ऐकण्यासाठी त्याने किती दिवस जिवाचा आटापिटा केला होता.

"सरी आहे ना?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"सरी काय, माझ्याच मापाचं आहे."

टेप त्याच्या खिशात होती. त्याने ती काढली नाही.

"थांबा, ही बरणी आधी जागेवर ठेवते," अहल्या म्हणाली आणि तिने हात वर केला. टाचा जमिनीवरच होत्या. त्रिविक्रमने डोळे मिटून घेतले. माहेरी भरलेल्या नव्या हिरव्या बांगड्या मनगटावरून सुटल्या आणि किणकिणत कोपराकडे घसरू लागल्या. वर काच सरकली. बरणी फळीवर टेकली. काच पुन्हा बंद झाली.

बांगड्या अजून घसरतच होत्या.