नात्याचा रकाना

रविवारी सकाळी ती वाचनालयात शिरली, तेव्हा काउंटरमागच्या ग्रंथपालाने मान वर न करताच हात पुढे केला. "कार्ड?"

"कार्ड नाही."

आता त्याने वर पाहिलं. "अरे, अकरा दिवस! तुम्ही?"

हे नाव तिला दोन वर्षांपूर्वी इथेच पडलं होतं. जुन्या इमारतीतली साठ हजार पुस्तकं इथे हलवायचं काम तिच्या कंपनीकडे आलं होतं आणि पहिल्याच बैठकीत ती 'अकरा दिवसांत होईल' म्हणून मोकळी झाली होती. ग्रंथपाल तिच्याशी रोज भांडायचा. पुस्तकं म्हणजे विटा नव्हेत, म्हणायचा. काम मात्र बरोबर अकराव्या दिवशी संपलं.

"ही सगळी कपाटं तुम्ही लावलीत, आणि तुमच्याकडे इथलं कार्ड नाही?"

"लावताना कोणी मागितलं नव्हतं."

हसू दाबत त्याने कार्डाचा फॉर्म पुढे सरकवला.

ती प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्र परीक्षेला बसत होती. ऑफिसात धावपळ सगळी तिची, पण हुद्दा सहायकाचा. प्रमाणपत्र हातात आलं की स्वतःच्या नावावर काम मिळणार होतं. घरी भावाची जुळी. तिने पुस्तक उघडलं रे उघडलं, की दोघांनाही आत्याचीच मांडी हवी. शेवटी वहिनीनेच तिला बाहेर काढलं होतं. "जा बाई कुठेतरी. इथे तुझं एक पान पुढे सरकायचं नाही."

मग दर रविवारी खिडकीजवळचं टेबल तिचं झालं. दुपारी गर्दी ओसरली, की ग्रंथपाल चहाचा कप घेऊन यायचा आणि तिच्याच पुस्तकातून तिला प्रश्न विचारायचा.

"प्रकल्प अर्ध्यावर आलाय. ग्राहक नवीनच मागणी करतो. तुम्ही सर्वप्रथम काय कराल?"

"विचारेन, इतके दिवस झोपला होतात का?"

"हा पर्याय दिलेला नाही."

"खिडकीशी टेबल हवं, असं तुम्ही नवव्या दिवशी सांगितलंत, तेव्हा मी हेच म्हटलं होतं."

"पण ठेवलंत ना टेबल?" तो म्हणाला. "आता बसलाही आहात त्यावरच."

ती पुस्तकात डोकं घालून बसली. कान मात्र गरम झाले होते. पुढे पुढे तर एखादं उत्तर ती मुद्दाम चुकवू लागली. चुकलं, की तो समोरची खुर्ची ओढून समजावत बसायचा.

परीक्षा महिन्यावर आली आणि परीक्षा मंडळाचं पत्र आलं. तिचा अर्ज तपासणीसाठी निवडला होता. अर्जात अनुभव म्हणून दाखवलेलं ते पुस्तकांचं काम तिनेच सांभाळलं, असं कुणीतरी दहा दिवसांत लिहून द्यायला हवं होतं. नाहीतर अर्ज बाद, आणि पुन्हा वर्षभर थांबा. तिच्या साहेबांनी सरळ हात झटकले. "कागदोपत्री तो प्रकल्प माझा आहे. मी कसं लिहून देऊ?"

त्या रविवारी तासभर तिचं पान उलटलं नाही. ग्रंथपालाने कारण विचारलं, तिने सांगितलं.

"मग मी कशाला आहे? काम माझ्या डोळ्यांदेखत झालंय. ज्यांचं काम केलं, त्यांची सही चालते का?"

तिने नियम पाहिले. चालत होती. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

त्याने तिथेच पत्र लिहायला घेतलं. ती शेजारी उभी राहून वाचत होती. एका ओळीशी ती थांबली. 'बालविभागाची चौदा खोकी चुकून तिसऱ्या मजल्यावर गेली.'

"हे कशाला लिहिलं?"

"घडलं म्हणून. पुढचं वाचा."

पुढे होतं, 'चूक त्यांनी कोणावर ढकलली नाही. दुसऱ्या दिवशी खोकी स्वतः उतरवली.'

हे त्याने पाहिलं होतं?

मंडळाच्या ठरलेल्या नमुन्यात शेवटी एक रकाना होता, अर्जदाराशी नातं. तिथे त्याचं पेन थांबलं. बराच वेळ थांबलं. मग त्याने लिहिलं, 'काही नाही.' सही केली, तारीख घातली.

"तारीख आजची आहे हं," कागद देताना तो म्हणाला. नजर मात्र काउंटरवर. "उद्याचं... मी काही लिहून दिलेलं नाही."

पेनाचं टोपण त्याला बसवता येत नव्हतं.

"परीक्षा होऊ दे," ती कशीबशी म्हणाली.

"होऊ दे."

पत्र मान्य झालं. पुढचे रविवार तो तसाच आला, तसेच प्रश्न विचारले. त्या विषयाबद्दल अवाक्षर नाही. तिलाच दोनदा वाटलं, आपण ऐकलं ते तो खरंच बोलला होता ना?

परीक्षा शनिवारी सकाळी झाली. चार तासांनी पडद्यावर 'उत्तीर्ण' उमटलं, तसा तिचा जीव भांड्यात पडला. ती घरी फोनही न करता थेट वाचनालयात आली. काउंटरपुढे चार माणसं होती. ती पाचवी उभी राहिली.

नंबर लागला तसा त्याने मान वर न करताच हात पुढे केला.

"पास झाले," ती म्हणाली.

त्याने झटकन वर पाहिलं. बोलायला तोंड उघडलं, पण तिने बोलू दिलं नाही. वाचनालय होतं, म्हणून ती हळू बोलली.

"आणि ऐक... तुझा तो रकाना. त्यांचं तपासून झालंय. आता तो खोटा ठरला तरी चालेल."

त्याच्या हातातला शिक्का कागदाऐवजी टेबलावरच उमटला.

"अहो," मागच्या आजोबांनी घसा खाकरला, "तुमचं झालं असेल तर माझं पुस्तक घ्या परत."

"घेतो, आजोबा," ग्रंथपाल म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिलं. "तू थांब. अर्ध्या तासात सुटतो मी."

ती थांबली.