चालकाशी बोलू नये

ते संग्रहालय मी अजून पाहिलेलं नाही.

आणि गंमत म्हणजे त्या दिवशी बंदरातून बाहेर पडले होते ती तेच बघायला. क्रूझच्या जहाजावर मी शिवणकामाला होते. वेटरांच्या कोटांची बटणं, केबिनचे पडदे, ऐन पार्टीच्या वेळी दगा देणाऱ्या झिपा... सगळं माझ्या दोन मशीनच्या खोलीत यायचं. खोली पाण्याच्या पातळीखाली, खिडकीचा पत्ता नाही. दर अकरा दिवसांनी जहाज या गावाला लागायचं आणि मला पाच तासांची सुट्टी मिळायची. प्रवाशांना गाव दाखवायला गाद्यांच्या खुर्च्यांच्या गाड्या यायच्या. आम्हाला आपले पाय.

लाँड्रीतली ताई म्हणाली, "फाटकाबाहेरून नऊ नंबरची बस घे. गोल फेरी आहे. बंदरातून निघते, बंदरातच परत येते. तुलासुद्धा हरवायला जमायचं नाही."

हरवण्यात माझा हात कुणी धरत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

बारीक पाऊस लागला होता. बस उभी दिसली तशी मी पळत सुटले, दिवसभराचा पास दातात धरून आत चढले, आणि दारातच केसांतलं पाणी झटकलं. ते नेमकं ड्रायव्हरच्या बाहीवर उडालं.

"माफ करा हं... संग्रहालयाला जाते ना ही?"

"जाते. चौदावा स्टॉप." त्यानं बाहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही कुठे उतरणार?"

"संग्रहालयालाच की."

"मग बसा. सांगतो."

मी अगदी पुढची सीट पकडली. बस सुटली. "किती वेळ लागेल हो?" मी विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. त्यानं मान न वळवता अंगठ्यानं वरची पाटी दाखवली. *गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये.*

मला रागच आला. एवढा काय तोरा! पुढच्या स्टॉपला गाडी थांबली, दारं उघडली, आणि समोर बघतच तो म्हणाला, "पंचवीस मिनिटं."

दारं बंद. पुन्हा चिडीचूप.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मी एकटीच हसत बसले. पुढच्या स्टॉपला मी तयारीत होते. "चांगलं आहे का संग्रहालय?"

दारं मिटली. बाजार आला, दारं उघडली. "माहीत नाही. मी गेलेलो नाही."

"अहो, इथे राहून?—"

गाडी सुटली होती. लायब्ररीचा स्टॉप येईपर्यंत मी जीभ आवरून धरली. तिथे तो म्हणाला, "रोज आठ वेळा समोरून जातो. पाहिल्यासारखंच आहे."

चौदावा स्टॉप आला. "संग्रहालय!" त्यानं चांगली मोठ्यानं हाक दिली. पण त्याच वेळी एक काठीवाले आजोबा चढत होते. ते सीटवर टेकून, काठी पायांत नीट धरेपर्यंत तो आरशात बघत थांबला. मागून कुणीतरी घाई केली तरी थांबला. मी ते बघत राहिले... आणि दारं मिटली.

"राहिलं तुमचं," पुढच्या स्टॉपला तो म्हणाला.

"पुढच्या खेपेला बघेन," मी म्हटलं.

आणि पुढच्या खेपेला, त्याच्या पुढच्या खेपेला, मी फाटकाबाहेर दोनच्या ठोक्याला हजर. त्याची ड्युटी दोनला सुरू व्हायची, हे मी काढून घेतलं होतं. गोल फेरी पन्नास मिनिटांची. मग बंदरात सहा मिनिटं गाडी थांबायची, आणि तेवढी सहा मिनिटं आम्ही माणसांसारखे सलग बोलायचो. एरवी एका वाक्याला दोन स्टॉप लागायचे. पण काय सांगू, त्या तुकड्या-तुकड्यांतून त्यानं मला अख्खं गाव दाखवलं! "आता बेकरीचा वास येईल... डोळे मिटा." "वळणावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू हात करतील, तुम्हीही करा." दवाखान्याच्या स्टॉपला तो गाडी कशी अलगद उचलायचा, आत बसलेल्याला कळायचंही नाही. बिनखिडकीच्या खोलीत अकरा दिवस शिवत बसणाऱ्या मला हे सगळं आयतं मिळत होतं. मी मनातल्या मनात त्याचे किती आभार मानत होते, ते त्याला कुठे माहीत?

मग मी आपल्या परीनं फेड केली. मी बसायचे त्या पुढच्या सीटचं कव्हर कडेला फाटलं होतं. तिसऱ्या खेपेला मी वाकडी सुई आणि पडद्यांचा जाड दोरा घेऊनच गेले आणि ते शिवून टाकलं. चौथ्या खेपेला त्याच्या बाहीचं लोंबकळणारं बटण त्या सहा मिनिटांत लावून दिलं. हात त्यानं पुढे धरला होता, आणि बोट न बोट ताठ.

"टोचणार नाही हो," मी म्हटलं.

"त्याची नाही भीती," तो म्हणाला. कसली होती, ते त्यानं सांगितलं नाही. पण कान लाल झालेले मला दिसले.

तो थोरल्या भावाकडे राहायचा. घरातल्या वहिनीला सगळं कळायचं. पाचव्या खेपेला बाजाराच्या स्टॉपला म्हणाला, "वहिनी विचारत होती, बटण कुणी लावलं. मग विचारते, ती जहाजवाली दिसते कशी."

"मग? काय सांगितलंत?"

दारं मिटली. लायब्ररी गेली, दवाखाना गेला. त्यानं मुद्दाम तीन स्टॉप तोंड उघडलं नाही आणि मी सीटवर चुळबुळत राहिले. मग म्हणाला, "म्हटलं, आरशात मावते तेवढीच पाहिली आहे. बाकीची बघायची आहे."

त्या दिवशी मला जहाजाच्या शिडीवर पाय कुठे पडतोय याचंही भान नव्हतं.

सातव्या खेपेला मात्र पर्समध्ये एक कागद होता. नवा करार, दोन वर्षांचा. जहाज आता इकडचा समुद्र सोडून जगाच्या दुसऱ्या टोकाला जाणार होतं. काम करायचं तर त्याच दिवशी चारच्या आत सही करून ऑफिसात द्यायचा, आम्हा कामगारांची परत चढायची वेळही तीच. नाही दिला, तर सतरा दिवसांनी शेवटच्या बंदरात सामानासकट खाली. काम चांगलं होतं. पण मी ठरवलं होतं, त्याला सांगायचं. त्यानं एक शब्द जरी काढला, एकच... तर सही करायची नाही.

आणि नेमकी त्या दिवशी गाडी भरलेली. "आज शेवट—" मी म्हटलं, तेवढ्यात बाजारातल्या टोपल्या चढल्या. "शेवटचं काय?" त्यानं लायब्ररीपाशी विचारलं, तर एक बाई पत्ता विचारायला मध्ये घुसल्या. बंदरातली सहा मिनिटं एका पाळणागाडीचं चाक दारातून सोडवण्यात गेली. दुसरी फेरीही तशीच. मी कागद पर्समधून काढत होते, पुन्हा कोंबत होते. बंदर आलं तेव्हा माझ्या घड्याळात पावणेचार वाजून गेले होते. चढणाऱ्यांची रांग दारात, थांब्याची सहा मिनिटं तिच्यातच गेली. मी उतरले.

"येते..." एवढंच आलं तोंडातून.

"अकरा दिवसांनी," तो हसून म्हणाला.

आणि मी चक्क मान हलवली. खोटारडी कुठली!

बस वळून दिसेनाशी झाली. मी डोळे पुसत फाटकाकडे पळत सुटले, तर फाटकावरच्या पहारेकरी काकांनी हात आडवा घातला. "अगं, धावतेस कशाला?"

"काका, चार वाजतील—"

"गावात. जहाजावर तीनसुद्धा नाही वाजले. दुपारी बाराला घड्याळं एक तास मागे घेतली ना, उद्या पश्चिमेला जायचं म्हणून. शिडीपाशी एवढा मोठा फळा लावलाय, वाचत नाही का तुम्ही लोक?"

नव्हता वाचला. सकाळी माझं लक्ष पर्समधल्या कागदावर होतं.

म्हणजे माझ्या हातात एक अख्खा तास होता. माझ्या घड्याळाचे पाच वाजेपर्यंत. आणि गोल फेरी पन्नास मिनिटांची! तो चार बेचाळीसला याच जागी परत येणार होता. मी काकांचे हात हातात घेतले. ते बिचारे गोंधळले. आजही त्यांचा युनिफॉर्म रफूला येतो, आणि मी एक पैसा घेत नाही. त्यांना कारण कळत नाही, मला कळतं.

काकांनी स्टूल दिलं, छत्री दिली. मी स्टॉपवर बसले. बसल्या बसल्या पर्स उघडली तर कागद नाही! सगळी पर्स उलटी केली. सुया, दोरे, पास, कंगवा... कागद बसमध्येच राहिला होता. खरं सांगते, माझ्या काळजात धस्स व्हायला हवं होतं. पण मी पुन्हा रस्त्याकडेच बघायला लागले. चार बेचाळीस झाले. पंचेचाळीस. पन्नास. आता काकासुद्धा फाटकाबाहेर येऊन रस्त्याकडे बघायला लागले होते.

चार त्रेपन्नला नऊ नंबर वळणावर दिसली.

दारं उघडली आणि पहिला तोच उतरला. हातात माझा कागद. मला बघून तो जागच्या जागी थांबला.

"तुम्ही... गेला नाहीत?"

"तुम्हाला उशीर झाला."

"सीटच्या फटीत होता. वाचायला नको होता, पण वाचला. गाडी चालू असताना वाचता येत नाही, म्हणून दर स्टॉपला थोडा थोडा..." त्यानं घाम पुसला. "चारला द्यायचा होता ना? म्हटलं, माझ्या गाडीत राहून तुमची नोकरी गेली."

"जहाजाचं घड्याळ मागे आहे. सात मिनिटं आहेत अजून."

त्यानं खिशातून पेन काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "मग करा सही."

माझा चेहराच पडला. "करू?"

"करा. दोन वर्षांचं काम आहे. तुमच्यासारखा हात कुणाचा नाही, तुम्हाला तिथे मान आहे. मी काय..." त्यानं बाहीचं बटण चाचपलं. "आणि मला विचाराल, तर करू नका."

"विचारते."

"करू नकोस," तो म्हणाला. "राहा इथे. मला तू हवी आहेस. आरशात नाही, घरात. हे सगळं मी पुढच्या खेपेला नीट बोलणार होतो... वहिनीनं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलंय."

गाडीतून आवाज आला, "ओ ड्रायव्हर, निघायचं का?" त्यावर आतूनच काठीवाले आजोबा खेकसले, "थांबा हो दोन मिनिटं, दिसत नाही का!"

मला हसू येत होतं आणि रडूही. मी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. "सतरा दिवसांनी मला शेवटच्या बंदरात उतरवतील," मी म्हटलं. "तिथून इथवर कसं यायचं, ते लिहून दे. मी हरवते."

त्यानं कागद बसच्या पत्र्याला टेकवून लिहिलं. कुठली गाडी, कुठे बदलायची, कुठल्या बाजूच्या जिन्यानं उतरायचं. शेवटी लिहिलं, *स्टेशनसमोरून दोन एकवीसची नऊ नंबर. आधीची पकडू नकोस, ती माझी नसते.* आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

काकांनी फाटकातून शिटी मारली. मी धावले. ऑफिसातल्या बाबूनं हात पुढे केला, "करार?" मी म्हटलं, "नाही करत." त्यानं वर पाहिलं, बहुधा मी इतकी का हसतेय ते बघायला.

सतरा दिवस आणि वर दोन दिवसांचा प्रवास. तो कागद मी इतक्या वेळा काढला की घड्यांवर फाटला. मग गाडीतच बसून, सुईदोरा काढून, त्याला मागून कापडाची पट्टी शिवली. एकदाही चुकले नाही. लाँड्रीतल्या ताईला पत्र लिहिलं तर तिचा विश्वास बसेना.

दोन एकवीसची नऊ नंबर वेळेवर आली. मी बोचकं घेऊन चढले. त्यानं मला पाहिलं, तोंड उघडलं, पण मागून माणसं चढत होती, दारं मिटली आणि गाडी सुटली. बोलायची सोय नाही. पुढची सीट रिकामी होती. माझे टाके जसेच्या तसे. मी बसले आणि वर आरशात पाहिलं. तो समोर रस्त्याकडे बघत होता, नेमानं. फक्त कान लाल होते.

स्टॉप आला. दारं उघडली.

"कुठे उतरणार?" त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"तुझी ड्युटी संपेल तिथे."

"दहाला संपते." त्यानं एकदाचं मागे वळून पाहिलं. "आठ फेऱ्या आहेत."

"मग बसते मी," मी म्हटलं, आणि बोचकं पायांत नीट ठेवलं. मी सीटवर व्यवस्थित टेकेपर्यंत तो थांबला, आणि मगच त्यानं गाडी अलगद उचलली.