ओढ्याकाठचं लाल फळ

"थोराबाई, मी चोर नाही हो," म्हणत आर्विलाने लाल फळांची बादली ओसरीवर ठेवली आणि तिला रडूच कोसळलं.

थोरा नेबेकर खाजगी गुप्तहेर. मदतीला दीर डेल्मर. मनाने सोनं, डोक्याने जरा सावकाश. तो पायरीवर बसून काडीने बूट खरवडत होता. सकाळी ऑर्सनकाकांच्या कुंपणापाशी कसल्याशा घाणीत पाय पडला होता, त्याचं रडगाणं अजून चालूच होतं.

आर्विला खोऱ्यात नवी सून. सासूला खूश करावं म्हणून वरच्या ओढ्याकाठच्या हॉथॉर्नच्या काटेरी झाडांची बोरांसारखी फळं जेलीसाठी तोडून आली. नेमकं त्याच दिवशी ऑर्सनकाकांच्या कुंपणातलं लाल फळांचं हॉथॉर्न कुणीतरी ओरबाडलं. ते त्यांच्या दिवंगत बायकोने परदेशी रोप आणून वाढवलेलं. ओढ्याकाठचं फळ काळं असतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मग लाल फळांची बादली आणणारी आर्विलाच चोर ठरली. सुगीच्या जेवणाला तोंड दाखवू नकोस, असं सासूने बजावलं.

थोराने बादलीतलं एक पान खिशात टाकलं.

थोराला झाड दाखवताना ऑर्सनकाकांचे डोळे भरून आले. मनगटाएवढ्या जाड फांद्या मोडल्या होत्या, पार शेंड्यापर्यंत. आर्विलाची सासू लारू मात्र थोराला दारात बघूनच फणकारली. "दरवर्षी सुगीचं जेवण झालं की मी स्वतः ओढ्यावर जाते. फळं काळीच असतात."

थोरा गालात हसली आणि तिने सगळ्यांना काकांच्या झाडापाशी बोलावलं.

"हे बादलीतलं पान, सबंध, कडेला बारीक दाते. काकांच्या झाडाचं बघा, पंजासारखं चिरलेलं." तिने बादलीतलं फळ कापलं. आत चार बिया. काकांच्या झाडावर उरलेलं फळ कापलं. एकच बी.

"पण लाल कसं?" लारूने विचारलं.

"काळं होण्याआधी तेही लालच असतं. तुम्ही सगळे जेवणानंतर जाता, म्हणून कधी पाहिलंच नाही. ही रीत हिला कुणी सांगितली होती?"

"मग चोर कोण, वहिनी?" डेल्मरने विचारलं.

"भाऊजी, बूट काढा."

तळाच्या खाचांत लाल सालं आणि बिया अडकल्या होत्या. प्रत्येक सालीत एकेकच बी.

"ही तर अस्वलाची विष्ठा! म्हणून एवढ्या जाड फांद्या मोडल्या," ऑर्सनकाका म्हणाले आणि किती दिवसांनी हसले. "म्हणजे पुरावा सकाळपासून डेल्मरच्या पायाखाली!"

सुगीच्या जेवणाला आर्विला लारूच्या शेजारी बसली. फळं अर्धकच्ची असल्यामुळे तिची जेली अशी घट्ट जमली होती की लारूने दुसऱ्यांदा वाढून घेतली.

"पोरी," ती हळूच म्हणाली, "पुढच्या वर्षी आपण दोघी आधीच जाऊ."

डेल्मरला मात्र अनवाणीच जेवावं लागलं.