मेलेलं मशीन ओ देतं

सुनेत्राबाई देवस्थळींबद्दल सांता क्लारात ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यांतल्या निम्म्या उल्हासने पसरवल्या आहेत. फ्रीमाँटचा एक चोर बाईंनी नुसत्या शिंकेवरून ओळखला आणि पोलीस येईपर्यंत त्याला गवती चहाचा काढा पाजला, ही त्यातलीच एक. मुंबईच्या टेलिफोन एक्स्चेंजात असताना बाई नुसत्या रिंगवरून सांगायच्या, की पलीकडे लग्न ठरलंय का मोडलंय, ही दुसरी. पण निमिषच्या मशीनची गोष्ट उल्हास फारशी रंगवत नाही. तिला रंग चढतच नाही.

दोन हजार आठचा सप्टेंबर होता. एल कमीनो या हमरस्त्यावरच्या किराणा दुकानाच्या वर बाईंचं ऑफिस. दारावर ‘प्रायव्हेट इन्व्हेस्टिगेटर’ अशी पाटी आणि खालून हिंगाचा वास. उल्हास पूर्वी प्रोग्रामर होता. आधीच्या मंदीत त्याची नोकरी गेली, तेव्हापासून तो बाईंची गाडी चालवायचा आणि त्यांच्या प्रश्नांची चुकीची उत्तरं द्यायचा.

निमिष आत आला तो खुर्चीत बसलाच नाही.

“मावशी, माझं मशीन कोणीतरी मारतंय.”

“कपडे धुवायचं?” उल्हास म्हणाला.

“व्हर्च्युअल मशीन, यार. कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर. खरा डबा एकच, पण पोटातलं स्वतःला वेगळं समजतं. मी ते ब्रिज करून नेटवर्कवर आणलंय. म्हणजे वायर बाहेरच्याची, पण बोलणं स्वतःच्या नावाने. त्याला स्वतःचा नंबर असतो, स्वतःची जन्मखूण असते.”

“मग बिघडलं कुठे?” बाईंनी विचारलं.

“मधेच मुकं होतं. बाहेरच्या कॉम्प्युटरचं नेट ठणठणीत, आणि पोटातलं गप्प. मग आपोआप बोलायला लागतं. ब्रिज नव्याने बांधला, कार्ड बदललं, वायर बदलली, फायरवॉल बंद केला. ढिम्म फरक नाही. गुरुवारी डेमो आहे. रुपाली, माझी मॅनेजर, म्हणते की तो पडला तर जबाबदार मी. नोकरी गेली की व्हिसा गेला, ग्रीन कार्डची फाइल गेली. आणि घरी रुचाला सातवा महिना आहे. डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायला बंदी केलीय, मावशी. तिला विमानात कशी बसवू?”

बाईंनी चष्मा पुसला. “उल्हासराव, गाडी काढा. आणि तो चकल्यांचा डबा घ्या.”

निमिषच्या कंपनीच्या रिसेप्शनवर बाईंच्या छातीवर ‘निमिषची आँटी’ असा बिल्ला चिकटला. त्याच्या जोरावर अमेरिकेतल्या कुठल्याही कंपनीत घुसता येतं, असं उल्हासचं ठाम मत झालं.

निमिषच्या टेबलाशी पोचले तेव्हा मशीन नुकतंच मुकं झालं होतं. बाई म्हणाल्या, “ते पोटातलं पूर्ण बंद कर. झोपवू नकोस, बंद कर.”

निमिषने बंद केलं.

“आता शेजारच्या टेबलावरून त्याच्या नंबरला हाक मार. पिंग की काय म्हणता ते.”

निमिषने हाक मारली. पडद्यावर ओळी सरकू लागल्या. उत्तर आलं. पुन्हा उत्तर आलं.

“अरे देवा,” उल्हास कुजबुजला, “मेलेलं मशीन ओ देतंय!” त्याने शर्टाच्या आतलं जानवं चाचपलं.

“वायरी एकेक करून उपटू या का?” निमिषने विचारलं. “कळेल कुठून बोलतंय ते.”

“टेबल सापडेल. कारण सापडणार नाही,” बाई म्हणाल्या. “नेटवर्क कोण बघतं इथे?”

नेटवर्क बघायचा श्रीराम, नागपूरचा. त्याने एक चकली तोंडात टाकली आणि दुसरी हातात घेतली.

“मावशी, मी पंधरा दिवसांपासून हेच करून राहिलो. तुम्ही म्हणाल, एका नंबरची दोन मशीनं असतील. पण तसं असतं ना, तर विंडोजने लगेच बोंब मारली असती, की नंबरावरून भांडण आहे. एकदाही मारली नाही. म्हणजे दुसरं मशीन नाहीच.”

“आणि ज्यात सगळ्या वायरी जातात, तो स्विच? तो काही सांगत नाही?”

“त्या कोपऱ्यातला स्वस्तातला आहे. कोण कुठून बोललं, काही लक्षात ठेवत नाही.”

“तू मधे रजेवर होतास का रे?”

“गणपतीला. त्या दिवशीही पडलं. भर आरतीत फोन आला मला.”

रुपालीच्या केबिनमध्ये भिंतीवर दोन घड्याळं होती. एक जुनं, एक नवंकोरं. नव्याच्या कडेला दुकानाची चिठ्ठी अजून लोंबत होती.

“मॅडम,” उल्हासने उपयोगी पडावं म्हणून सांगितलं, “तुमचं नवं घड्याळ अर्धा तास पुढे आहे. पावती असेल तर परत करून टाका.”

रुपालीने मान वर केली नाही. “हो. सेल बदलायचाय.”

बाईंची चकली तोंडाशी थांबली, मग हळूच कुडूम वाजली.

“बघा मावशी, मी निमिषच्या अगेन्स्ट नाहीये,” रुपाली म्हणाली. “पण क्लायंटसमोर डेमो फेल झाला तर मी काय एक्स्प्लेन करू?”

“क्लायंट इथे येणार?”

“नाही, कॉलवर. रात्री साडेआठला.”

“बिचारे,” उल्हास हळहळला. “जेवण सोडून बसायचे.”

शेवटी ऋषी, निमिषच्याच टीममधला. निमिषचं लग्न होईपर्यंत दोघं एकाच अपार्टमेंटमध्ये राहायचे, एकाच कुकरमधला भात खायचे. त्याने बाईंना वाकून नमस्कार केला.

“मूळचा कुठला रे तू?”

“साताऱ्याचा. बाबा हेडमास्तर होते. परीक्षेत कॉप्या पकडण्यात त्यांचं नाव होतं. पोरं अजून टरकतात.” तो हसला. “आई-बाबा आलेत आता इथे. सोमवारी आणलं. फ्लाइट लेट, अख्खा दिवस एअरपोर्टवर गेला.”

“आणि गंमत बघा,” निमिष म्हणाला, “नेमकं त्या सोमवारी मशीन दिवसभर सुरळीत! एरवी बिचारा रोज माझ्याबरोबर डोकं फोडतो.”

“निमिषच्या मशीनला तू कधी हात लावलास?” बाईंनी सहज विचारलं.

“छे! मी काही मूव्ह-बिव्ह नाही केलं, मावशी.”

उल्हासने घरी जायच्या तयारीने डब्याचं झाकण लावलं. त्याचा संशय श्रीरामवर होता, कारण त्याने सहा चकल्या खाल्ल्या होत्या.

बाई म्हणाल्या, “सगळ्यांना त्या मोठ्या खोलीत बोलव, निमिष.”

लांबलचक टेबल होतं. एका टोकाला बाई, दुसऱ्या टोकाला रुपाली, मधे तिघे मुलगे. उल्हास दाराशी उभा राहिला, कोणी पळालं तर अडवायला. कोणी पळणार नव्हतं.

“मेलेलं मशीन ओ देत नाही,” बाईंनी सुरुवात केली. “ओ आली, म्हणजे दुसरं कोणीतरी जिवंत आहे. त्याच नंबरचं.”

“पण बोंब...” श्रीराम म्हणाला.

“तुझं म्हणणं बरोबर होतं, पण अर्धंच. नंबर एक आणि जन्मखुणा दोन असल्या, तर भांडण होतं. खूणसुद्धा तीच असली तर? नंबर वाटणारं मशीन खूण बघून दोघांना एकच नंबर देतं. आणि समोर हुबेहूब आपलीच खूण दिसली, की मशीनला वाटतं, हा तर मीच. स्वतःशी कोण भांडेल? एकाचं बोलणं दुसऱ्याच्या दारात जाऊन पडतं, एवढंच. मग एक मुकं होतं.”

“खूण इतकी कशी जुळेल?” निमिष म्हणाला.

“तुला माहीत आहे. मशीनची फाइल दुसरीकडे नेऊन उघडली की प्रोग्राम काय विचारतो?”

निमिषचा चेहरा उतरत गेला. “हलवलं की कॉपी केलं.”

“कॉपी म्हटलं तर नवी खूण देतो. हलवलं म्हटलं तर जुनीच ठेवतो. जुनं मशीन आता नाही, असं धरून चालतो. कोणीतरी नक्कल केली आणि ‘हलवलं’ म्हणून सांगितलं. श्रीराम घरी आरती करत होता तेव्हाही मशीन पडलं. पण सोमवारी नाही पडलं. सोमवारी नक्कल उघडणारा एअरपोर्टवर होता. आणि मी विचारलं, हात लावलास का? उत्तर आलं, मूव्ह नाही केलं. मूव्हचं नाव मी कुठे काढलं होतं, ऋषी?”

ऋषीने टेबलावर दोन्ही तळवे पसरले आणि त्यांच्याकडेच बघत राहिला.

“बॉक्स आला, मावशी. ‘आय कॉपीड इट.’ माझा हातच जाईना. आमच्या घरात त्या शब्दाला... कॉपी करणाऱ्याला बाबा प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर उभं करायचे. मी दुसरं बटण दाबलं. मला वाटलं, काय फरक पडतोय. त्याचं मशीन त्यामुळे पडतंय हे मला खरंच नव्हतं कळलं, निम्या. शपथ.”

“पण नक्कल केलीस कशाला?” निमिषचा आवाज चिरकला. “मागितलं असतंस तर दिलं नसतं मी?”

ऋषीने रुपालीकडे पाहिलं. रुपाली खिडकीबाहेर पार्किंगमधल्या गाड्यांकडे बघत होती.

“उल्हासराव,” बाई म्हणाल्या, “इथून पुण्याला फोन करायचा तर तिथली वेळ कशी काढता?”

“सोप्पं आहे. रात्रीचा दिवस करायचा आणि त्यात अर्धा तास...” उल्हासचं तोंड उघडंच राहिलं. आठ वर्षं तो दर रविवारी हाच हिशेब करून आईला फोन लावत होता.

“सेल चांगला आहे त्या घड्याळाचा, ते पुण्याची वेळ दाखवतंय,” बाई म्हणाल्या. “आणि रात्री साडेआठला जेवण सोडून कोणी क्लायंट बसणार नाही. तेव्हा पुण्यात सकाळचे नऊ वाजतात. माणसं ऑफिसला येतात.”

रुपाली खिडकीपासून वळली.

“सगळं काम पुण्याला जातंय,” ती म्हणाली. “ऋषीला मी सांगितलं, निमिषचं काम शिकून घे आणि गुरुवारी त्यांना दाखव. निमिषला बोलायचं नाही, असं वरून आलं होतं. त्याची जागा तशीही राहत नव्हती. डेमो चालो, न चालो.”

“आणि चूक त्याच्या गळ्यात?”

“मला खरंच वाटायचं त्याची चूक आहे.” तिने पापण्या मिटल्या. “तसं वाटून घेणं सोपं होतं, मावशी.”

“ऋषीचं काय?”

“शिकवून झालं की... तोही.”

ऋषीने झटकन मान वर केली. हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

“आणि तुझं?”

“ते घड्याळ उतरवायला मी असेन का, ते अजून ठरलेलं नाही.”

श्रीराम हातातली चकली खिशात ठेवावी की डब्यात, या विचारात अडकला होता. शेवटी ती त्याने तशीच मुठीत धरली.

“म्हणजे माझी चूक नव्हती,” निमिष म्हणाला.

“तिळभर नाही.”

“ब्रिज मी बरोबर बांधला होता.”

“अगदी बरोबर.”

“मग आता?”

बाईंनी डबा जवळ ओढला, झाकण नीट बसलंय का पाहिलं.

“मग काही नाही, बाळा.”

निमिष उठला. “एवढं नीट करून जातो,” असं पुटपुटत ऋषीच्या टेबलाकडे गेला. ऋषी मागोमाग गेला. निमिषने नक्कल बंद केली, तिची जुनी ओळख पुसली, पुन्हा उघडली. तोच बॉक्स पडद्यावर आला. निमिष खुर्चीतून बाजूला झाला.

“दाब.”

ऋषीने ‘कॉपी’चं बटण दाबलं.

“पण बाई,” उल्हासने मागून हळूच विचारलं, “एवढा शिकलेला मुलगा, आणि चुकीचं बटण?”

“चुकीचं कुठे, उल्हासराव? या कामाचं जे चाललं होतं तेच तो बोलून गेला. हलवलं म्हणाला. आणि एकदा हलवलं म्हटलं, की जुनं आता नाही असंच धरतात.”

नवी खूण आली, नवा नंबर आला. निमिषने आपलं मशीनही चालू केलं आणि आळीपाळीने दोघांना हाक मारली. याने ओ दिली. त्याने ओ दिली. एकाच नेटवर्कवर दोघं शहाण्यासारखी नांदत होती, आणि श्रीराम नकळत म्हणून गेला, “मस्त.”

निमिषच्या खिशातला फोन थरथरू लागला. त्याने काढून पाहिला. रुचा होती.

फोन थरथरत राहिला. पडद्यावर ओळी सरकत होत्या, उत्तर, उत्तर, उत्तर. निमिष त्यांच्याकडे बघत उभा होता. त्याने ओ दिली नाही.