एका पत्त्यावर चाळीस जण

आमच्या ऑफिसात तक्रारीच्या खिडकीवर बसणाऱ्या ताई जेवायला गेल्या होत्या, म्हणून त्याची तक्रार मी ऐकली. तो व्हायोलिन दुरुस्त करायचा, आमच्या संकेतस्थळावर विकायचा. आठवड्यापूर्वी त्याचं खातं बंद झालं होतं. बंद करणारी मीच.

लपून येणारे ओळखणं हे माझं काम. प्रॉक्सी सर्व्हर म्हणजे मधला माणूस. निरोप एकाचा, इंटरनेटवरचा पत्ता दुसऱ्याचा. पत्ता इथला पण संगणकाचं घड्याळ परदेशी वेळेचं, उत्तराला नको इतका उशीर, तासाभरात एकाच घरातून चाळीस जणांची ये-जा… अशा खुणांवरून तो पकडता येतो. याच्या घरी सगळ्याच खुणा होत्या.

"घरी मी आणि बाबा, दोघंच," तो शांतपणे म्हणाला. "चाळीस जणांना बसवायला आमच्याकडे खुर्च्या तरी आहेत का…"

मला हसू आलं. नोंदी त्याला खोटं ठरवत होत्या, पण रोगणाने पिवळी पडलेली त्याची बोटं काही खोटं बोलत नव्हती. साहेबांना विचारून मी संध्याकाळी त्याच्या घरी निघाले. वाटेत न राहवून सांगून टाकलं, की खातं मीच बंद केलं. तो म्हणाला, "बरं झालं. आता उघडणारं माणूस शोधायला नको."

चोर टीव्हीमागे सापडला. जुने सामने फुकट दाखवणारी एक डबी बाबांनी आणली होती, आणि ती गुपचूप त्यांचं इंटरनेट परक्यांना वापरू देत होती. मी ती काढली. बाबांचा चेहरा एवढासा झाला.

"म्हणजे तुझं नुकसान मीच केलं?"

तो त्यांच्याशेजारी बसला. "तुम्ही सामना बघत होतात, बाबा," इतकंच म्हणाला, आणि दुसरीकडे कुठे ते सामने दिसतात हे मला विचारू लागला. त्या क्षणी माझं मन कुठेतरी… घसरलंच.

खातं दुसऱ्या दिवशी उघडलं. आता त्याला यायचं कारण उरलं नव्हतं. तरी शुक्रवारी तो आमच्या ऑफिसच्या पायऱ्यांवर उभा होता.

"बाबा विचारत होते, रविवारी जेवायला याल का?"

"बाबा विचारत होते?"

त्याचे कान लाल झाले. "नाही… मीच विचारतोय. बाबा तर रविवारी आत्याकडे जाणार आहेत."

मी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. उगाच.

"येईन," मी म्हणाले. "पण आधी मला 'ये' म्हण. 'याल का' नको."

त्याचे कान पुन्हा लाल झाले.

"ये," म्हणाला.