अकरा पीळ

ओट्यावरून स्टीलचं झाकण पडलं आणि शांत घरात फरशीवर गरागरा फिरत राहिलं...

एवढ्याशा आवाजाने ताई दचकली. धावत जाऊन तिने त्यावर पाय ठेवला.

भर दुपार होती. तिची लेक आतल्या खोलीत झोपली होती. पदराने घाम पुसत ताई खाली बसली आणि पहिल्यांदाच सगळं बोलली.

ती माझी सख्खी ताई. हे घडलंय, मी तिखटमीठ लावलेलं नाही. विश्वास ठेवायचा तर ठेवा.

ताईचं काम खोल पाण्यातलं, पण ती स्वतः कधी भिजत नाही. जहाजावरच्या केबिनमध्ये बसायचं आणि लांब केबलच्या टोकाला बांधलेली कॅमेऱ्याची गाडी समुद्राच्या तळाशी फिरवायची. गाडीत माणूस नसतो.

गाडीने एक गिरकी घेतली की केबलला एक पीळ बसतो. म्हणून दर गिरकीला केबिनमधल्या बोर्डवर एक रेघ मारायची. वर येण्याआधी तेवढ्याच उलट्या गिरक्या घ्यायच्या आणि रेघा पुसायच्या.

"ताईबाई, तुमची केबल म्हणजे तेल लावून विंचरलेले केस!" डेकवर केबल गुंडाळणारे मामा म्हणायचे.

ताईला त्याचा भारी अभिमान.

मागच्या वर्षी भाऊजींची बोट बुडाली. ते तिच्यावर इंजिन मिस्त्री होते. शोधायला गेलं ताईचंच जहाज. जहाजावरचे तिचे वरिष्ठ, सर, म्हणाले, "मॅडम, तुम्ही घरी थांबा."

"नवरा माझा आहे. गाडी मीच चालवणार."

बोट सापडली. दीडशे मीटर खाली, कुशीवर पडलेली. दोघे खलाशी आतच होते.

भाऊजी नव्हते...

ताईने बोटीभोवती तीन फेऱ्या मारल्या. बोर्डवर तीन रेघा. चार तास झाले तसे सर घड्याळ बघायला लागले.

"आवरा आता. जहाजाला उद्या दुसऱ्या कामावर पोचायचंय."

"सर, एक तास द्या. एकच."

"वर फोन करून विचारतो. तोवर पीळ काढून ठेवा."

ताईने पीळ काढले. रेघा पुसल्या. गाडी तळाच्या वाळूवर टेकवली आणि स्क्रीनकडे बघत बसली.

अकरा मिनिटं.

समोर उजेडापुरती वाळू. पलीकडे काळोख.

मग... मागून गाळ उडाला. थोडासाच. दिव्यासमोरून तरंगत गेला.

गाडी तर हललीच नव्हती.

पुन्हा उडाला...

कॅमेरा फक्त पुढे असतो. मागचं बघायचं तर गाडी वळवायला हवी. म्हणजे बोर्डवर पुन्हा खाडाखोड.

'मासा असेल,' ताई मनात म्हणाली. 'आत्ताच तर सगळं स्वच्छ केलंय.'

सर आले. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली आणि कागद पुढे सरकवला. 'आणखी काही आढळले नाही.'

ताईने सही केली.

गाडी वर आली. पाण्याबाहेर लटकली... आणि आपोआप गरगरायला लागली.

मामा मोजत होते. सगळे फेरे एकाच दिशेने. अकरा.

"काय ताईबाई, आज पीळ काढायला विसरलात होय?" ते हसत केबिनमध्ये आले. कोरा बोर्ड बघितला.

हसू तिथेच विरलं.

"जहाज फिरलं असेल," सर म्हणाले.

जहाज जागचं हललं नव्हतं, फिरलंही नव्हतं. तशी नोंद आहे. रेकॉर्डिंगमध्येही नुसती वाळू. फक्त मागून गाळ उडतो... मिनिटाला एकदा. अकरा वेळा.

धुणं पिळावं तशी कुणीतरी मागे बसून केबल पिळत होतं.

ताई सरांच्या पाया पडायची बाकी राहिली. पुन्हा एकदा खाली बघू द्या, एवढंच मागणं होतं.

"सही तुमचीच आहे, मॅडम." ते एवढंच म्हणाले. आवाजसुद्धा न चढवता.

ताईचं सांगून झालं. मी तिचा हात धरायला पुढे झाले, आणि मला दार दिसलं.

लेक दारात उभी होती. कधीची उठली होती, कोण जाणे.

"आई, गाडीच्या मागे बाबा होता?"

ताईने तिला मांडीत ओढलं. तिच्या विस्कटलेल्या बटा कानामागे सारल्या. "माहीत नाही गं, पिल्लू."

लेकीने मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"मग तू वळून का नाही बघितलंस?"