दवातली कोरडी जागा

जनरल गार्नमसाहेबांचे बूट मी सत्तावीस वर्षं चमकवले, ते कॅप्टन होते तेव्हापासून. ट्युनिशिया, जर्मनी, मलाया. खांद्यावरची चिन्हं बदलत गेली, बुटांचं माप तेच राहिलं. माझा डावा पाय जखमेमुळे बाहेर वळतो, तरी त्यांच्या मागे अर्ध्या पावलावर मी कायम हजर. निवृत्त होऊन विल्टशरच्या घरी आले तेव्हा म्हणाले, "टिडमार्श, तुझ्याशिवाय भांडायचं कुणाशी?" काय दिवस होते ते!

त्यांची एक सवय मात्र सुटली नाही. उजाडण्याआधी ते काठी घेऊन हिरवळीवर उभे राहत. आघाडीवर तसंच असे. पहाटे सगळ्यांनी बंदुका घेऊन उभं राहायचं, ऊन आलं की अधिकारी 'स्टँड डाउन' म्हणणार, मग चहा. त्याआधी कुणी हलायचं नाही.

ऑक्टोबरात एकदा मी चहा घेऊन बाहेर गेलो. हिरवळ दवाने पांढरी होती. साहेबांसमोर एका ओळीत बुटांच्या आकाराच्या कोरड्या जागा. अकरा जोड्या. तिथवर गेलेलं पाऊल एकही नव्हतं.

"साहेब, कोण आलं होतं?"

"रोज येतात. ट्युनिशियातल्या डाव्या टेकडीवरची माझी अकरा माणसं. मेजर झाल्याचा फोन आला आणि मी आनंदात मुख्यालयाकडे धावलो. त्यांना 'स्टँड डाउन' म्हणायचंच राहिलं रे."

मला आठवलं. खालच्या खंदकात त्या अकरा जणांचा चहा मीच केला होता. तोफगोळे पडले तेव्हा ते वर तसेच उभे होते.

"मग आता म्हणा ना, साहेब."

"हजारदा म्हटलं. जनरलचं ऐकत नाहीत. त्यांना त्यांचा कॅप्टन हवाय."

दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधी मी ट्रंकेतून त्यांचा कॅप्टनचा, तीन ताऱ्यांचा जुना कोट काढला. बटणं लागेनात.

"खाणं आवरा म्हणत होतो," मी पुटपुटलो.

"गप रे," म्हणत ते बाहेर गेले.

उजाडताच ते दोनच शब्द बोलले.

अकराही जागांवर दव चढलं.

साहेब तिथेच रडले. मीही.

एप्रिलमध्ये ते गेले.

नंतरच्या पहाटे हिरवळीवर एकच कोरडी जोडी होती, शेजारी काठीचं भोक. मी रोज 'स्टँड डाउन' म्हणतो. पण साध्या शिपायाच्या हुकमाने जनरल कसा हलेल?

आज त्या जोडीच्या मागे, अर्ध्या पावलावर, आणखी एक जोडी होती. डावा पाय जरा बाहेर वळलेला.